‘किती दिवस?’ हा प्रश्न आणि पहिल्या दिवशीचे अहवाल : वडिलांच्या पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे एक प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजार, त्याचे आकडे आणि घरातल्यांनी विचारलेले प्रश्न यांना मात्र हात लावलेला नाही. रुग्ण निदानाच्या वेळी ७१ वर्षांचे होते आणि एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले होते. दहा वर्षांपासूनचा मधुमेह गोळ्यांवर ताब्यात होता. घरी ते आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच. मुलगा पुण्यात नोकरीला, तर मुलगी लग्नानंतर कोल्हापुरात स्थायिक झालेली आणि तिथल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका. मुले त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच नाव वापरते. ज्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले तिथे मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आणि या कुटुंबाशी झालेल्या बहुतेक बैठकांना मी हजर होते.

निदानापर्यंतचा प्रवास

एप्रिल २०२२ पासून अण्णांची कंबर दुखत होती. आपल्याकडे कंबरदुखीचे जे होते तेच त्यांचेही झाले : ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगून पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि शेकण्याचा सल्ला देण्यात आला. त्याच काळात त्यांना रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागत होते आणि धारही बारीक झाली होती, पण ती तक्रार त्यांनी मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितली आणि तिथे ती वयाच्या खात्यावर जमा झाली. सहा किलो वजन उतरले तेव्हा घरच्यांना वाटले की साखर वाढली असेल. दोन तक्रारी दोन डॉक्टरांकडे गेल्या आणि त्या एकत्र मांडून पाहण्याची वेळ कोणावरच आली नाही. श्रमाने वाढणारी व विश्रांतीने कमी होणारी कंबरदुखी आणि रात्री आडवे पडल्यावर वाढणारी, झोपेतून उठवणारी कंबरदुखी यांत फरक असतो. अण्णांची दुसऱ्या प्रकारची होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एका अस्थिरोगतज्ज्ञांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये कंबरेच्या मणक्यांवर आणि कटीच्या हाडांवर पांढरे डाग दिसले. बऱ्याच कॅन्सरांमध्ये हाड पोखरले जाते, तर प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कॅन्सरमध्ये बहुधा त्या जागी नवे, पण ठिसूळ आणि अव्यवस्थित हाड तयार होते आणि एक्स-रेवर ते पांढरे दिसते. त्या डॉक्टरांनी लगेच रक्तातील पीएसएची तपासणी सांगितली. सर्वसाधारणपणे ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतची पातळी सामान्य धरली जाते. अण्णांची ४१२ आली. पीएसए हा प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारा पदार्थ असून साधी ग्रंथीवाढ किंवा जंतुसंसर्ग झाला तरी त्याची पातळी वाढते, त्यामुळे ७ किंवा १२ असा आकडा पाहून कोणी कॅन्सरच गृहीत धरू नये. मात्र पातळी शेकड्यांत आणि जोडीला हाडांवर डाग असतील, तर दुसरे कारण क्वचितच सापडते.

‘दोन वर्षांपूर्वी ही तपासणी केली असती तर?’ असे मुलाने पहिल्याच भेटीत विचारले. भारतात पीएसएची सरसकट चाळणी-तपासणी कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमात नाही आणि ती असावी की नाही यावर जगभरातील तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. त्या प्रश्नावर त्या दिवशी वेळ घालवण्यात अर्थ नव्हता आणि डॉक्टरांनीही तो घालवला नाही.

अहवाल हातात आल्यावर

बायोप्सीत घेतलेल्या १२ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) आढळला आणि ग्लीसन स्कोअर ४+५=९, ग्रेड गट ५ असा आला. बोन स्कॅनमध्ये कणा, कटीची हाडे, बरगड्या आणि उजव्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग अशा अनेक ठिकाणी आजार दिसला. यकृत व फुप्फुसे स्वच्छ होती. हिमोग्लोबिन ९.८ होते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांतल्या आजारात रक्तात वाढणारे एक एन्झाइम) वाढलेले होते. कण्याच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब नव्हता.

हे कागद घेऊन मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याने इंटरनेटवर बरेच वाचलेले होते आणि त्यातून त्याचे तीन पक्के ग्रह झाले होते. माझ्या अनुभवात बहुतेक कुटुंबांचे हेच तीन ग्रह होतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पहिला ग्रह असा की ग्लीसन ९ म्हणजे दहापैकी नऊ, अर्थात नव्वद टक्के शरीर गेले. प्रत्यक्षात हा स्कोअर आजार किती पसरला हे सांगतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना मूळ ग्रंथीपासून किती ढळली आहे, याला ३ ते ५ असे गुण देतात आणि बायोप्सीत सर्वांत जास्त दिसणाऱ्या व सर्वांत वाईट दिसणाऱ्या अशा दोन नमुनारचनांची बेरीज करतात. त्यामुळे आजच्या पद्धतीत बायोप्सीचा स्कोअर बहुधा ६ पासूनच सुरू होतो आणि ८ ते १० आक्रमक धरला जातो. ९ हा आकडा गंभीर आहे, यात शंका नाही. पण तो पेशींच्या स्वभावाचा आकडा आहे. पसरण्याचा हिशेब स्टेजमध्ये असतो आणि ती अण्णांची चौथी होती.

दुसरा ग्रह अधिक घातक होता : ‘आता हाडांचा कॅन्सर झाला.’ हाडांत गेलेल्या या पेशी प्रोस्टेटच्याच असतात आणि हा फरक शाब्दिक नाही, कारण उपचार त्याच्यावरच ठरतो. प्रोस्टेटच्या पेशींना वाढीसाठी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) लागते आणि ते तोडले की त्या हाडात असोत वा ग्रंथीत, बहुतेक रुग्णांत त्या आक्रसतात. शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आजही या आजाराच्या उपचाराचा पाया तोच आहे. पोटातील अनेक कॅन्सर चौथ्या स्टेजला पोहोचल्यावर काही महिन्यांचा हिशेब मांडावा लागतो, पण प्रोस्टेटच्या चौथ्या स्टेजचा हिशेब बहुधा वर्षांत मांडला जातो, आणि त्याचे मुख्य कारण हेच आहे.

तिसरा ग्रह ‘बरा होणार नाही म्हणजे उपचार नाही’ असा होता. या टप्प्यावर आजार मुळासकट जात नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पण तो काही काळ, कधी बराच काळ, दाबून ठेवता येतो आणि दुखणे कमी करता येते. मधुमेहही कोणाचा मुळातून जात नाही आणि तरी आपण तो सांभाळतोच, असे मी मुलाला म्हणाले. ही तुलना पूर्ण जुळत नाही, कारण हा आजार कधी ना कधी औषधाला दाद देणे थांबवतो. तेही मी त्याच वेळी सांगितले.

अण्णांना सांगायचे की नाही

मुलीचा आग्रह होता की वडिलांना ‘गाठ आहे, औषधाने जाईल’ एवढेच सांगावे. नाहीतर ते खचतील. ती स्वतः परिचारिका असूनही, किंबहुना असल्यामुळेच, तिला हे वाटत होते, कारण कॅन्सर वॉर्डातली शेवटच्या टप्प्यातली माणसे तिने पाहिली होती आणि त्यांतली बरी होऊन वर्षानुवर्षे घरी राहणारी माणसे तिच्या वॉर्डात कधी परत येतच नव्हती. तिच्याशी वाद न घालता डॉक्टरांनी अण्णांनाच विचारले, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? सगळं सांगू, का मुलांशी बोलू?’

अण्णा म्हणाले, ‘खालच्या बोर्डावर हाताएवढ्या अक्षरात कॅन्सर लिहिलंय की. तीस वर्षं तिकिटावरचं बारीक वाचलंय म्या, एवढं मोठं दिसंना व्हय? सांगा समदं.’

माझ्या मते लपवाछपवीच्या बहुतेक बेतांचा शेवट असाच होतो. रुग्णाला माहीत असते, आपल्याला माहीत आहे हे तो घरच्यांपासून लपवतो, आणि मग सगळे घर एकमेकांसमोर नाटक करत राहते. ज्याला खरोखरच जाणून घ्यायचे नसते असा रुग्णही असतो आणि त्याचाही मान राखावा लागतो. पण ते त्याला विचारून ठरवायचे असते, त्याच्या वतीने गृहीत धरायचे नसते.

उपचाराची निवड

टेस्टोस्टेरॉन थांबवण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन, आणि दुसरा म्हणजे वृषणग्रंथी काढण्याची छोटी शस्त्रक्रिया. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यात दोन्ही सारखेच. प्रचलित इंजेक्शनांपैकी ल्युप्रोलाइडसारख्या औषधांनी पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, म्हणून जोडीला त्याचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि कण्यात आजार असलेल्या रुग्णात या उसळीची धास्ती असते. शस्त्रक्रियेत ती अडचण येत नाही आणि पातळी काही तासांतच कोसळते. शिवाय ती एकदाच करायची असते आणि खर्चही मर्यादित राहतो. सरकारी योजनेत काय बसते आणि त्यासाठी कोणते कागद लागतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून त्याच दिवशी विचारून घेतले.

मुलाला शस्त्रक्रिया नको होती; ‘या वयात त्यांना असं वाटायला नको,’ एवढेच तो म्हणाला आणि पुढचे वाक्य त्याने सोडून दिले. डॉक्टरांनी ते वाक्य अण्णा आणि त्यांच्या पत्नी यांच्यासमोर पूर्ण केले : शारीरिक इच्छा जाईल, आणि ती इंजेक्शनानेही जाते; फरक एवढाच की इंजेक्शन थांबवता येते. अण्णांनी पत्नीकडे पाहिले आणि शस्त्रक्रियेला होकार दिला. दर तीन महिन्यांनी ‘सुईसाठी’ पुण्याच्या खेपा नकोत, हे त्यांचे कारण होते. निवड त्यांची होती आणि ती विचारपूर्वक केलेली होती.

नुसते टेस्टोस्टेरॉन थांबवणे आता पुरेसे मानले जात नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चार्टेड’ या अमेरिकेतील चाचणीत, आजाराचा भार मोठा असलेल्या पुरुषांत केवळ संप्रेरक-उपचाराने मध्यमूल्य आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) सुमारे ३२ महिने होते, तर सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी जोडल्यावर ते सुमारे ४९ महिने झाले. ‘लॅटिट्यूड’ या दुसऱ्या चाचणीत अ‍ॅबिराटेरोनच्या (टेस्टोस्टेरॉन तयार होणेच अडवणाऱ्या) गोळ्या जोडल्यावर ते सुमारे ३६ वरून ५३ महिन्यांवर गेले. ‘चार्टेड’ चाचणीच्या व्याख्येनुसार अण्णांचा आजार मोठ्या भाराचाच होता, कारण हाडांत चारपेक्षा जास्त जागी डाग होते आणि त्यांतले काही कणा व कटीच्या बाहेर होते. घटलेले वजन, हिमोग्लोबिन आणि मधुमेह पाहून डॉक्टरांनी केमोथेरपी राखून ठेवली आणि अ‍ॅबिराटेरोन सुरू केले. सर्वांत दुखणाऱ्या मणक्यांना ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचाराचा एकच डोस दिला. दोन-तीन दिवस दुखणे वाढले आणि तिसऱ्या आठवड्यापासून अण्णा कुशीवर झोपू लागले.

अ‍ॅबिराटेरोनच्या चार गोळ्या रोज रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यायचे आणि गोळी घेतल्यावर तासभर काही खायचे नाही, कारण अन्नाबरोबर हे औषध रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरते. अण्णांच्या घरी पहाटे पाचला दुधाचा चहा होतो आणि चहा म्हणजे खाणे नव्हे, अशी घरातली ठाम समजूत होती. शेवटी चहाच सहाला ढकलला. सोबतच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे साखर वाढली आणि मधुमेहाच्या गोळ्या बदलाव्या लागल्या. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या झाल्या. अंगातून वाफा निघू लागल्या, भर थंडीत बनियन भिजू लागले, तेव्हा अण्णा घाबरले. त्यांच्या पत्नी मात्र हसून म्हणाल्या, ‘पाळी जाताना मला दोन वर्षं हेच व्हायचं, तवा कुणी डाक्टर नव्हता बघितला.’ डॉक्टरांच्या कोणत्याही समजावणीपेक्षा या वाक्याचा उपयोग जास्त झाला.

घरच्यांना एक कागद लिहून दिला होता : पायांत अचानक अशक्तपणा, चालताना तोल जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणे आहेत आणि पाय पूर्ण लुळे पडण्याआधी उपचार झाले तरच चालणे टिकण्याची खरी शक्यता असते. मुलीने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

आयुर्मानाचा प्रश्न

‘किती दिवस आहेत?’ हा प्रश्न मुलाने पहिल्या दिवशी दारातच विचारला होता. डॉक्टरांनी तो टाळला नाही, पण एका आकड्यात उत्तर देण्यास नकार दिला आणि मध्यमूल्य म्हणजे काय ते समजावले. ५३ महिने मध्यमूल्य आहे याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून जास्त जगले, एवढाच. शिवाय चाचण्यांमध्ये निवडलेले रुग्ण तुलनेने धडधाकट असतात. लॅटिट्यूडमधले निम्मे रुग्ण ६८ वर्षांच्या आतले होते. तो आकडा जसाच्या तसा अण्णांना लावता येणार नव्हता. त्यांच्यासारख्या रुग्णासाठी साधारण साडेतीन वर्षे मध्यमूल्य धरावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता. मग त्यांनी सिडनीचे स्टॉकलर आणि किली या कर्करोगतज्ज्ञांच्या पद्धतीने त्याचे तीन भाग केले. साधारण निम्म्या रुग्णांचे आयुष्य मध्यमूल्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत असते, म्हणजे इथे पावणेदोन ते सात वर्षे. दहांतला एखादा मध्यमूल्याच्या पाव हिश्शाच्या आतच जातो, तर दहांतला एखादा तिप्पट काळ जगतो. मुलाने हे वहीत लिहून घेतले आणि म्हणाला, ‘पण मग अण्णा यातले कोण?’

याचे उत्तर त्या दिवशीच्या कोणत्याही अहवालात नव्हते, आणि हे प्रकरण लिहावेसे वाटण्याचे कारणही तेच आहे. निदानाच्या दिवशी पीएसए ४१२ असणे आणि ९०० असणे यांत नातेवाइकांना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, पण पुढचा अंदाज बांधायला सुरुवातीच्या आकड्यापेक्षा उपचारानंतर तो किती खाली उतरतो हे पाहणे जास्त उपयोगी पडते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात संप्रेरक-उपचाराच्या सात महिन्यांनंतर पीएसए ०.२ किंवा कमी असलेल्यांचे मध्यमूल्य आयुर्मान ७५ महिने, ०.२ ते ४ च्या दरम्यान असलेल्यांचे ४४ महिने आणि ४ च्या वर राहिलेल्यांचे केवळ १३ महिने आढळले. तो अभ्यास अ‍ॅबिराटेरोन येण्यापूर्वीचा आहे, त्यामुळे त्यातले महिने जसेच्या तसे घ्यायचे नाहीत; पण तिन्ही गटांतली दरी पाहण्यासारखी आहे. म्हणून डॉक्टरांनी सांगितले, ‘जूनमध्ये हाच प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हा मी आजच्यापेक्षा बरंच नेमकं बोलू शकेन.’

तिसऱ्या महिन्यात पीएसए ९.४ वर आला आणि सातव्या महिन्यात ०.६ वर स्थिरावला. सर्वांत चांगला गट नाही आणि सर्वांत वाईटही नाही. मुलगा किंचित हिरमुसला. अण्णांना गोळी रोज घ्यायची की नाही एवढेच ठाऊक करून घ्यायचे होते. हिमोग्लोबिन १२ वर गेले, वजन चार किलो परत आले, आणि ते सकाळी स्टँडपर्यंत चालत जाऊन जुन्या सहकाऱ्यांत बसू लागले.

पसरलेल्या आजारात करायची आनुवंशिक तपासणीही याच काळात झाली. बीआरसीए-२ जनुकात दोष निघाला असता तर पुढचे काही औषधपर्याय बदलले असते आणि मुलीलाही स्तन व बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी लक्ष ठेवावे लागले असते. दोष निघाला नाही. तरीही वडिलांना हा आजार असल्यास मुलाचा धोका साधारण दुप्पट धरतात, म्हणून चाळिशीतल्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगितले आहे.

दाद कमी होऊ लागल्यावर

२०२५ च्या सुरुवातीला पीएसए ०.६ वरून १.४ वर गेला, मग ३.१ वर, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर ३.९ आला. टेस्टोस्टेरॉन तपासले तर ते २० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली होते. म्हणजे संप्रेरक बंद असूनही आजार वाढत होता आणि तो आता संप्रेरकाला न जुमानणाऱ्या टप्प्यात गेला होता. तिथवर सुमारे अडीच वर्षे मिळाली होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांच्या निदानाची बातमी आली : ग्लीसन ९, हाडांत पसरलेला, संप्रेरकाला दाद देणारा. मुलाने ती मला पाठवली आणि खाली लिहिले, ‘आपण २०२२ मध्ये जिथे होतो तिथे ते आता आहेत.’ पहिल्या दिवशी ‘दहापैकी नऊ’ म्हणणारा मुलगा आता ही बातमी नीट वाचू शकत होता.

नव्या बोन स्कॅनमध्ये दोन नव्या जागा दिसल्या. तब्येत सुधारलेली असल्यामुळे, सुरुवातीला राखून ठेवलेले डोसिटॅक्सेल आता देता येणार होते. त्यानंतर पीएसएमए स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचे एक प्रथिन दाखवणारा) अनुकूल आल्यास ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाचा पर्याय उरतो. आता मध्यमूल्य किती, हे विचारल्यावरच डॉक्टरांनी सांगितले : दीड वर्षाच्या आसपास, आणि पूर्वीसारखाच मोठा पट्टा दोन्ही बाजूंना. वेदना व लक्षणे सांभाळणाऱ्या उपशामक पथकाला याच बैठकीत बोलावले. हे पथक अगदी शेवटी बोलवायचे असते ही समजूत दुर्दैवाने डॉक्टरांमध्येही आहे; खरे तर ते इथेही निदानाच्या महिन्यातच यायला हवे होते.

अण्णांनी दोन गोष्टी मांडल्या. केमोथेरपी घेईन, पण सहापैकी तीन डोस झाल्यावर थांबून पाहायचे. आणि शेवटी मशीनवर ठेवायचे नाही. दुसऱ्या इच्छेसाठी नुसते बोलून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, त्यामुळे आता दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. अण्णांनी तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे जाऊन ते केले. निर्णय घेण्याची वेळ आली तर बोलण्यासाठी त्यांनी मुलीचे नाव लिहिले, मुलाचे नाही. ‘तो ऐन वेळी पुन्हा विचारील, आणखी काय करता येईल म्हणून,’ असे त्यांचे स्पष्टीकरण होते आणि मुलाने ते मान्य केले. तीन डोस झाले, डोसिटॅक्सेलपूर्वी ११ वर गेलेला पीएसए ५ वर आला, पायाच्या बोटांना मुंग्या येतात पण चालणे सुटलेले नाही. अण्णांनी चौथा डोस घ्यायचे ठरवले आहे.